रिलीव्हर येईपर्यंत

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर शहरात सेंट व्हिन्सेंट नावाचे रुग्णालय आहे. १८९३ मध्ये कॅथलिक जोगिणींनी ते सुरू केले. शंभर वर्षांनंतर ते टेनेट हेल्थकेअर या नफ्यासाठी रुग्णालये चालवणाऱ्या बड्या कंपनीकडे गेले. १९९८ मध्ये तिथल्या परिचारिकांनी मतदान करून संघटना स्थापन केली आणि पहिल्या कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. त्या दोन वर्षे रेंगाळल्या. ३१ मार्च २००० रोजी सहाशेच्या आसपास परिचारिका संपावर गेल्या. व्यवस्थापनाने बाहेरच्या राज्यांतून बदली परिचारिका आणल्या. त्याच दिवसांत रुग्णालयाने शहराच्या मध्यभागी बांधलेल्या नव्या इमारतीत मुक्काम हलवला, आणि कायमच्या परिचारिका मात्र बाहेर फलक घेऊन उभ्या होत्या.

संप म्हटला की पगारवाढ, असे आपण धरून चालतो. इथे वाटाघाटी सर्वांत जास्त अडल्या त्या एका वेगळ्याच कलमावर. पाळी संपल्यावरही परिचारिकेला थांबवून घेण्याचा अधिकार व्यवस्थापनाला हवा होता. आठ तासांच्या पाळीला आणखी आठ तास जोडले, तर एकच बाई सलग सोळा तास रुग्णांच्या उशाशी उभी राहणार होती. हे आम्ही सुरक्षितपणे करू शकत नाही, असे परिचारिकांचे म्हणणे होते. संप ४९ दिवस चालला. शेवटी सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी मध्यस्थी केली आणि तोडगा निघाला. जादा ड्यूटीच्या सक्तीवर मर्यादा आली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मी थकले आहे, यापुढे माझ्या हातून सुरक्षित काम होणार नाही, असे सांगून नकार देण्याचा हक्क परिचारिकेला लेखी मिळाला.

हा हक्क इतका साधा वाटतो की त्यासाठी सात आठवडे बिनपगारी रस्त्यावर उभे राहावे लागले, यावर चटकन विश्वास बसत नाही. तो मिळवणे एवढे अवघड का होते हे कळण्यासाठी वॉर्डात पाळी कशी बदलते ते पाहावे लागते.

दुपारी तीनला आलेली परिचारिका रात्री अकराला सुटायची असते. साडेदहाच्या सुमाराला सुपरवायझरचा फोन येतो: रात्रीच्या पाळीत एक जण कमी आहे, तू थांब. अमेरिकी परिचारिकांच्या बोलीत याला ‘मॅण्डेट होणे’ म्हणतात. घरी मूल सांभाळणाऱ्या मुलीला अकरा वाजता मोकळे करायचे असते, नवऱ्याची सकाळची पाळी असते, ती स्वतः पहाटे पाचला उठलेली असते. कारखान्यातला कामगार यंत्र बंद करून निघून जाऊ शकतो. परिचारिकेचे काम मात्र दुसरीच्या हाती सोपवल्याशिवाय संपत नाही. कोणाला कोणते इंजेक्शन कधी दिले, कोणाची लघवी कमी झाली आहे, कोणत्या खाटेवरचा रुग्ण रात्री घाबरतो, हे सगळे पुढच्या पाळीच्या ताब्यात द्यायचे, मगच वॉर्डातून पाय बाहेर टाकायचा. ही शिस्त तिला पहिल्या वर्षापासून शिकवलेली असते आणि ती योग्यच आहे. पण ताब्यात घ्यायला रिलीव्हरच आली नाही, तर हीच शिस्त तिला वॉर्डात बांधून ठेवते. सक्ती करणाऱ्याला फारसे दरडावावेही लागत नाही. बारा नंबरच्या आजोबांकडे कोण बघणार, एवढा प्रश्न पुरतो.

त्यातूनही कोणी ठाम राहिली, तर परवान्याची भीती घातली जाई. रुग्णाला वाऱ्यावर सोडणे हा अमेरिकेत नर्सिंगचा परवाना घालवणारा गुन्हा आहे, आणि जादा पाळी नाकारणे म्हणजे तेच, असे परिचारिकांना सांगितले जाई. अनेक राज्यांच्या नर्सिंग मंडळांना पुढे खुलासा करावा लागला: स्वीकारलेले रुग्ण कोणाच्याही ताब्यात न देता निघून जाणे हा गुन्हा आहे, नवी पाळी स्वीकारायला नकार देणे हा नव्हे. खुलासा स्पष्ट होता. पण रात्री अकराला रिकाम्या वॉर्डात उभ्या असलेल्या बाईला तो पुरत नाही, कारण ताबा घेणारे माणूस तिच्यासमोर नसतेच.

ही परिस्थिती वारंवार का उद्भवते? व्यवस्थापनांचे उत्तर ठरलेले असते: परिचारिका मिळत नाहीत. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. अमेरिकेत कामाच्या तासांचा मूळ कायदा १९३८ चा, फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट. आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाला दीडपट मजुरी द्यावी, एवढे तो सांगतो. प्रौढ माणसाकडून जास्तीत जास्त किती तास काम घ्यावे याची कमाल मर्यादा त्यात नाही. नवी परिचारिका नेमायची तर पगाराबरोबर आरोग्यविमा, निवृत्तीची तरतूद, पगारी रजा आणि प्रशिक्षणाचे महिने हा सगळा खर्च आला. असलेल्या परिचारिकेला थांबवून घेतले तर फक्त त्या तासांची दीडपट मजुरी. विमा तिचा आधीच काढलेला असतो. त्यामुळे पदे कमी ठेवून उरलेले तास सक्तीने भरून काढणे हिशेबाला स्वस्त पडते.

१९९० च्या दशकात हेच झाले. विमा कंपन्यांनी रुग्णालयांचे दर आवळले, रुग्णालये एकमेकांत विलीन होत गेली, आणि खर्च कमी करण्याच्या मोहिमेत परिचारिकांच्या पदांवर कात्री चालली. १९९७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पी कायद्याने मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेकडून येणारा पैसाही आटवला. रुग्ण मात्र पूर्वीपेक्षा जास्त आजारी अवस्थेत दाखल होत होते आणि लवकर घरी पाठवले जात होते, म्हणजे प्रत्येक खाटेमागचे काम वाढले होते. २००१ मध्ये अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने रुग्णालयांमध्ये परिचारिकांच्या १,२६,००० जागा रिकाम्या असल्याचे सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षीच्या सरकारी पाहणीत देशात परवानाधारक परिचारिका सुमारे २७ लाख होत्या आणि त्यांतल्या जवळपास ५ लाख नर्सिंगच्या नोकरीत नव्हत्या. काही वयाने थांबल्या होत्या, काही घरी होत्या, काहींनी दुसरा व्यवसाय धरला होता. या दोन आकड्यांकडे एकत्र पाहिले की ‘मिळत नाहीत’ या उत्तरातला अर्धा भाग गळून पडतो. परवाना घेतलेल्या बायका होत्या. आहे त्या अटींवर वॉर्डात परतायची त्यांतल्या अनेकींची तयारी नव्हती. शिवाय सक्ती जितकी वाढे तितक्या आणखी जणी बाहेर पडत, आणि मागे राहिलेल्यांवरची सक्ती आणखी वाढे.

अचानक आलेली आणीबाणी वेगळी. पूर येतो, रेल्वे घसरते, साथ उसळते. अशा वेळी परिचारिका न सांगता थांबतात आणि जगभर थांबल्या आहेत. पण दर हिवाळ्यात फ्लू येतो हे रुग्णालयाला ठाऊक असते. कर्मचाऱ्यांपैकी काही जण रोज आजारी पडणार, काही बाळंतपणाच्या रजेवर जाणार, हेही ठाऊक असते. ड्यूटीचा तक्ता त्या गृहीताशिवाय लावला, तर साडेदहाचा फोन त्या तक्त्यातच लिहिलेला असतो.

थकव्याचा परिणाम किती होतो हे मोजलेही गेले आहे. ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हात आणि डोळे यांच्या समन्वयाची चाचणी घेतली, तर ती रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळलेली दिसते, असे त्यांना आढळले. अनेक देशांत एवढ्या मद्यावर गाडी चालवणे गुन्हा आहे. पहाटे पाचला उठून दुपारच्या पाळीला आलेली परिचारिका रात्री दहालाच या रेषेवर पोचते. त्यानंतर तिला रात्रपाळी करायला सांगितले जाते.

परिचारिकांचा स्वतंत्र अभ्यास ॲन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी केला. तो २००४ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात आला. रुग्णालयांतल्या ३९३ परिचारिकांनी चार आठवडे रोजनिशी लिहिली: किती वाजता सुटायचे होते, प्रत्यक्षात किती वाजता सुटले, काय चुकले, काय चुकता चुकता वाचले. एकूण ५,३१७ पाळ्यांची नोंद झाली. वेळेवर घरी जाता आले अशा पाळ्या पाचांत एकही भरत नव्हत्या. साडेबारा तास किंवा त्याहून लांबलेल्या पाळीत चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. त्या चार आठवड्यांत दर शंभरांत चौदा जणींनी निदान एकदा सलग सोळा तास किंवा अधिक काम केले होते. सर्वांत लांबलेली पाळी २३ तास ४० मिनिटांची निघाली. त्याच सुमाराला अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शिफारस केली की कोणत्याही परिचारिकेकडून २४ तासांत १२ तासांपेक्षा आणि आठवड्यात ६० तासांपेक्षा जास्त रुग्णसेवा घेतली जाऊ नये, मग ते काम सक्तीचे असो की स्वखुशीचे.

‘स्वखुशीचे’ हा शब्द त्या शिफारशीत उगाच आलेला नव्हता. २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात जे घडले, त्याने तो कसा गरजेचा होता हे दाखवून दिले. प्रसूती विभागातील एका अनुभवी परिचारिकेने ४ जुलैला, अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, माणसे कमी म्हणून आपण होऊन दुसरी पाळी केली. मध्यरात्री काम संपले. घरी जाऊन परत येण्यात झोपच उरली नसती, म्हणून ती रुग्णालयातच आडवी झाली आणि सकाळी पुन्हा ड्यूटीवर आली. बाळंतपणासाठी आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला शिरेतून पेनिसिलिन द्यायचे होते. तिने लावलेल्या पिशवीत पाठीच्या कण्यापाशी द्यायचे भुलीचे औषध होते. मुलगी दगावली, बाळ वाचले. औषधावरचा बारकोड तपासण्याची पायरीही गळली होती, ही चूक होतीच. पण सरकारी पक्षाने त्या परिचारिकेवर थेट फौजदारी गुन्हा दाखल केला. पुढे तो सौम्य गुन्ह्यांवर आला. तिला इतक्या कमी विश्रांतीनंतर पुन्हा कामावर उभे करणारा तक्ता मात्र त्या खटल्यात आरोपी नव्हता.

मालट्रकच्या चालकाने सलग दहा तास विश्रांती घेतल्याखेरीज पुन्हा गाडी हाती घ्यायची नाही आणि अकरा तासांवर ती चालवायची नाही, असा अमेरिकेत केंद्राचा नियम आहे. वैमानिकांच्या तासांवरही मर्यादा आहे. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेसाठी देशभर लागू असा नियम नाही. केनेडी यांनी २००१ मध्ये सिनेटमध्ये तसे विधेयक आणले. नंतरच्या वर्षांत ते पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि दर वेळी अडकले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांपुरती तरतूद मात्र २०१० मध्ये झाली.

मग लढा राज्याराज्यांतून झाला. मेन, न्यू जर्सी, मिनेसोटा, वॉशिंग्टन ही पहिल्या फळीतली राज्ये. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाचे कायदे १ जुलै २००९ पासून लागू झाले. सक्तीवर कुठल्या ना कुठल्या स्वरूपात बंधन घालणारी अशी दीड डझनाच्या आसपास राज्ये आज आहेत. वुस्टरचा संप ज्या राज्यात झाला त्या मॅसॅच्युसेट्सला कायदा करायला २०१२ उजाडले. तिथे आणीबाणी वगळता सक्तीला बंदी आहे, कोणत्याही परिचारिकेने २४ तासांत सलग १६ तासांपलीकडे काम करायचे नाही, आणि सक्ती केल्याच्या प्रत्येक प्रसंगाची माहिती रुग्णालयाने सरकारला द्यायची.

कायद्यांतून पळवाटाही निघाल्या. आणीबाणी कशाला म्हणायचे हे सैल ठेवले की नेहमीची टंचाईही त्यात बसते. दुसरी वाट ‘ऑन-कॉल’ची. शस्त्रक्रिया विभागातल्या परिचारिकेला रात्री फोनवर हजर राहायला सांगायचे आणि ठरलेल्या, तातडी नसलेल्या शस्त्रक्रिया लांबल्या की त्याच फोनवर बोलवायचे. कागदावर ती जादा ड्यूटी दिसत नाही. वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून ही वाट बंद करायचा प्रयत्न केला. न्यूयॉर्कच्या कायद्याला पहिली चौदा वर्षे धारच नव्हती. २०२३ मध्ये दंड आला, आणि ज्या परिचारिकेला बेकायदा थांबवून घेतले तिला जादा ड्यूटीच्या मोबदल्यावर आणखी १५ टक्के देण्याची तरतूद झाली.

न्यूयॉर्कच्याच लाँग आयलंडवरचा एक खटला या विषयावर लिहिणाऱ्याने टाळू नये. एप्रिल २००६ मध्ये तिथल्या एका नर्सिंग होममधल्या, फिलिपिन्सहून भरती करून आणलेल्या दहा परिचारक-परिचारिकांनी एकदम राजीनामे दिले. कबूल केलेला पगार आणि तास मिळाले नाहीत, माणसे कमी आहेत, राहण्याची सोय वाईट आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कोणीही पाळी अर्धवट सोडली नव्हती आणि कोणाही रुग्णाला इजा झाली नाही. परवाना देणाऱ्या खात्याने चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवले. तरीही जिल्हा सरकारी वकिलाने त्यांच्यावर, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या वकिलावरही, रुग्णांचा जीव धोक्यात घातल्याचा फौजदारी गुन्हा लावला, कारण रुग्णांत कृत्रिम श्वासावर असलेली मुले होती. जानेवारी २००९ मध्ये अपील न्यायालयाने खटला थांबवला. आधार घेतला तो अमेरिकी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीचा, म्हणजे गुलामगिरी संपवणाऱ्या दुरुस्तीचा. शिक्षेच्या धाकाने माणसाला नोकरीत डांबून ठेवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. परिचारिकेच्या जादा तासांचा प्रश्न कोणत्या टोकापर्यंत जाऊ शकतो, हे त्या निकालाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. परदेशी नोकरीच्या करारावर सही करणाऱ्या केरळच्या किंवा महाराष्ट्राच्या मुलीने तो वाचलेला असावा.

कायदा झाला की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांना अडचणीत टाकणारा एक अभ्यासही आहे. सुसान लू आणि लॉरेन लू यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या नर्सिंग होमची आकडेवारी तपासली. सक्तीच्या जादा ड्यूटीवर बंदी आल्यावर तिथल्या चालकांनी कायमच्या परिचारिका वाढवल्या नाहीत. कंत्राटी परिचारिकांचे तास वाढवले, आणि तपासणीत सापडणाऱ्या त्रुटी कमी न होता वाढल्या. वॉर्ड, औषधांचे कपाट, रुग्णांच्या सवयी, यांतले काहीच माहीत नसलेले माणूस आणून उभे केले की असे होणारच. याचा अर्थ बंदी चुकीची असा होत नाही. माणसे किती हवीत याचा आकडा कायद्यात नसेल, तर बंदी एकटी पुरत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते. कॅलिफोर्नियाने तो आकडा घातला. १९९९ च्या कायद्यानुसार २००४ पासून तिथे एका परिचारिकेमागे किती रुग्ण हे ठरलेले आहे. अतिदक्षता विभागात दोनपेक्षा जास्त नाहीत. वुस्टरच्या परिचारिकांचेही हेच मत झाले असावे. मार्च २०२१ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या तेव्हा मागणी होती ती एका परिचारिकेमागच्या रुग्णसंख्येची, आणि तो संप तीनशे दिवसांवर चालला.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आरोग्यसेवा सरकारी, नफ्याची कंपनी मध्ये नाही, तरी दुखणे तेच. तिथे सक्तीच्या जादा ड्यूटीला ‘टेएसओ’ ही आद्याक्षरे रूढ आहेत आणि ती वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत असतात. ८ एप्रिल २०१९ रोजी परिचारिकांच्या महासंघाने ‘सक्तीविना एक दिवस’ जाहीर केला. व्यवस्थापनांनी त्या दिवसाचे तक्ते आधीपासून नीट लावले आणि दिवस बहुतेक ठिकाणी सुरळीत गेला. सक्तीशिवाय चालू शकते, याचा याहून चांगला पुरावा कोणत्या समितीने दिला असता?

भारतात परिचारिकांच्या सक्तीच्या जादा ड्यूटीवर स्वतंत्र कायदा नाही. उलट १९६८ च्या केंद्रीय अत्यावश्यक सेवा कायद्यात ‘संप’ या शब्दाच्या व्याख्येतच, सेवा चालू ठेवण्यासाठी गरजेचे असलेले जादा काम नाकारणे, याचा समावेश होता. महाराष्ट्राचा मेस्मा त्याच धर्तीवरचा. इंडियन नर्सिंग कौन्सिलने एका परिचारिकेमागे किती खाटा असाव्यात याचे निकष दिलेले आहेत. पण सरकारी रुग्णालयातल्या रात्रपाळीला एक सिस्टर आणि खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून झोपवलेले रुग्ण, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या निकषांचे वॉर्डात काय होते हे सांगायला नको. इथे सक्तीला ‘डबल ड्यूटी’ म्हणतात. खासगी रुग्णालयांत तर अनेकदा तिचा मोबदला पैशाने न देता पुढे कधीतरी बदली सुट्टी देण्याचे तोंडी आश्वासन दिले जाते.

एक बदल मात्र नुकताच झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेच्या २७ व्या कलमात जादा कामाला दुप्पट मजुरी आहेच, शिवाय असे काम कामगाराच्या संमतीनेच घेता येईल, अशी अट आहे. परिचारिकेला ती अट लागू करून घ्यायची तर संमती म्हणजे काय हे राज्यांच्या नियमांत तपशिलाने लिहून घ्यावे लागेल. रात्री साडेदहाला, रिलीव्हर आलेली नसताना, बारा नंबरच्या आजोबांचा विचार करून दिलेला होकार संमती धरायचा का? तो वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये वेळेसह उतरवायचा का, आणि महिनाअखेरीस ते रजिस्टर रुग्णालयाबाहेरच्या कोणी तपासायचे? मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णालयांनी सरकारला माहिती देण्याची अट कायद्यातच आहे. महाराष्ट्रातल्या परिचारिका संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत अशीच अट मजुरीच्या आकड्याच्या शेजारी ठेवावी, आणि शक्य तर त्याच्याही वर.